पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो का? सांगोल्याच्या एका शेतकऱ्याला उत्तर

सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंब बागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या माळावर पवनचक्क्या उभारायला कंपनीची माणसं जागा बघून गेली. जत, ढालगावकडचे पाहुणे सांगतात, पंखे आले तेव्हापासून ढग येतात आणि न बरसता पुढे निघून जातात. ग्रामसभेत यावरून दोन तट पडलेत. पवनचक्क्यांनी खरंच पाऊस पळतो का? आपल्याकडे वीज काढण्याइतका वारा तरी आहे का? आणि जमीन द्यावी की नाही?"

वारा मोजणं आणि त्यावरून पवनचक्कीची जागा ठरवणं हेच माझं काम. सोलापूर, सांगली, धाराशिवच्या माळांवर हा प्रश्न मला चहाच्या टपरीपासून तहसील कचेरीपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतो. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. पवनचक्कीने पाऊस पळत नाही. पण तुमच्या पाहुण्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते खोटं नाही. पंखे जोरात फिरत असतात तेव्हा पाऊस नसतो आणि पाऊस लागतो तेव्हा बऱ्याचदा पंखे मंदावलेले असतात, हे आपल्या भागात वर्षानुवर्षं दिसतं. निरीक्षण बरोबर आहे, त्यातून काढलेलं कारण चुकलंय. याला अडाणीपणा म्हणून उडवून लावणारे अधिकारी मी पाहिलेत आणि त्याने गावांचा संशय वाढलेलाच पाहिलाय. त्यामुळे हे असं का दिसतं ते नीट समजून घेऊ.

मृग लागला की अरबी समुद्रावरून नैऋत्येचा, पुढे पश्चिमेचा वारा सुरू होतो. तो सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, वर गेल्यावर थंड होतो आणि त्यातलं बाष्प घाटमाथ्यावर कोसळतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो तो यामुळे. तीच हवा पुढे माण, आटपाडी, सांगोल्याकडे उतरते. उतरताना तापते, कोरडी होते. सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो, म्हणजे महाबळेश्वरच्या जेमतेम दहावा हिस्सा. हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे आणि सह्याद्री जितका जुना तितकीच ही पर्जन्यछायाही जुनी.

आता जून, जुलै, ऑगस्ट आठवून पाहा. आषाढी वारीच्या दिवसांत पालख्या माळशिरस, पंढरपूरकडे येतात तेव्हा वाऱ्याला काय जोर असतो! पताका काठीला गुंडाळून जातात, डोळ्यांत माती जाते, आभाळात तुटक ढग भराभर पूर्वेला पळताना दिसतात आणि खाली चार थेंब पडले तर पडले. पश्चिमेचा वारा जितका जोरदार, तितका घाटात पाऊस जास्त आणि आपल्याकडे कोरडं. शिवाय खालच्या थरातला वारा फार जोरात आणि वरचा वेगळाच असला, की ढगाला सरळ उभं वाढता येत नाही. माथा एकीकडे, पायथा दुसरीकडे होतो आणि ढग विरून जातो. पवनचक्कीचा हंगामही नेमका हाच. वर्षभराच्या विजेतला साठ-सत्तर टक्के वाटा मे ते सप्टेंबर या काळात येतो.

मग भाद्रपद येतो. पश्चिमेचा जोर ओसरतो, पंखे संथ होतात. बंगालच्या उपसागरावरून कमी दाबाचे पट्टे येऊ लागतात, दुपारनंतर गडगडाटी ढग उभे राहतात आणि उत्तरा-हस्ताचा पाऊस सुरू होतो. सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी उभी राहते ती याच ओलीवर. म्हणजे वाऱ्याचे महिने आणि पावसाचे महिने आपल्याकडे मुळातच वेगळे आहेत. पूर्वी वारा दिसत नव्हता, आता माळावर दीडशे मीटर उंचीवर फिरणारं काहीतरी तो दाखवून देतं. कोरडा वारा आणि फिरतं पातं एकदम नजरेस पडतं आणि दोष पात्याला लागतो.

लोकांच्या मनात घरातल्या छताच्या पंख्याचं चित्र असतं हेही खरं. तो पंखा वीज खातो आणि वारा फेकतो. पवनचक्की याच्या उलट चालते. ती वारा फेकत नाही, समोरून आलेल्या वाऱ्यातली थोडी शक्ती काढून घेते आणि मागे तो वारा जरा मंद होतो. ढग ढकलायचा तर वारा वाढवावा लागेल, इथे तो कमी होतोय. किती कमी होतो यालाही निसर्गाची मर्यादा आहे. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी गणिताने दाखवलं की पात्यांच्या वर्तुळातून जाणाऱ्या वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के शक्ती काढता येते. सगळीच काढली तर हवा तिथेच थांबेल आणि मागची हवा येणारच नाही. प्रत्यक्षात चांगली यंत्रं चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत पोचतात. मंदावलेला वारा आजूबाजूच्या हवेत मिसळून काही किलोमीटरांत पुन्हा पूर्ववत होतो. म्हणूनच आम्ही दोन पंख्यांत वाऱ्याच्या दिशेने पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाच्या पाच-सात पट अंतर ठेवतो, नाहीतर मागच्या पंख्याची वीज घटते.

उंचीचाही हिशेब घ्या. आजच्या मोठ्या पवनचक्कीच्या पात्याचं टोक दोनशे-सव्वादोनशे मीटरपर्यंत जातं. पावसाळी ढगाचा तळ आपल्या भागात साधारण एक किलोमीटर किंवा त्याहून वर असतो आणि खऱ्या पावसाचा ढग आठ-दहा किलोमीटर उंच वाढतो.

आणि शक्तीचा हिशेब, जो मी ग्रामसभेत नेहमी फळ्यावर मांडतो. दहा चौरस किलोमीटरच्या शिवारात दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर ते दहा कोटी लिटर पाणी झालं. तेवढ्या वाफेचं पाणी होताना ढगात जी उष्णता मोकळी होते ती सुमारे सात कोटी युनिट. दोन मेगावॉटची एक पवनचक्की आपल्याकडच्या वाऱ्यात वर्षाला पन्नास लाखांच्या आसपास युनिट देते. म्हणजे एका गावावरच्या एका मध्यम सरीत जी उलाढाल होते, ती करायला एका पवनचक्कीला चौदा वर्षं लागतील. हा आकडा पाठ्यपुस्तकातली गुप्त उष्णता घेऊन कुणालाही पडताळता येईल, तुमच्या गावातल्या शाळेच्या विज्ञानाच्या शिक्षकांकडून करून घ्या.

गणितावर विश्वास नसेल तर इतिहास पाहा. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा खडी फोडत होता, तेव्हा देशात वीज देणारी एकही पवनचक्क्यांची रांग नव्हती. भारतातले पहिले वायुऊर्जा प्रकल्प १९८६ मध्ये आले, रत्नागिरी, गुजरातमधलं ओखा आणि तमिळनाडूचा किनारा इथे, अवघ्या ५५ किलोवॉटच्या यंत्रांचे. दुर्गादेवीचा दुष्काळ तर त्याच्या कितीतरी शतकं आधीचा. आणि उलट बाजूने पाहा. साताऱ्याच्या चाळकेवाडी, वनकुसवडे पठारावर शेकडो पवनचक्क्या कोयनेच्या डोक्यावर उभ्या असताना ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा थेट सोलापूरवरून गेला आणि भीमेला पूर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीडमध्ये ढगफुटीसारखा पाऊस झाला, सीना नदीने माढा, मोहोळ, करमाळ्यातली गावं बुडवली. त्या दोन्ही जिल्ह्यांच्या डोंगरांवर तेव्हा पंखे होतेच. ते पाऊस हाकलणारे असते तर त्या आठवड्यात आपण सगळ्यांनी त्यांना नमस्कार केला असता.

काहीच परिणाम होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, पाती फिरली की ती ढवळली जाते. अमेरिकेत टेक्सासमधल्या मोठ्या वायुऊर्जा क्षेत्रांत उपग्रहाच्या मोजणीतून रात्रीचं जमिनीचं तापमान किंचित वाढल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. ती नवी उष्णता नसते, वरची खाली येते. पावसाचं म्हणाल तर २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी संगणकावर अख्खं सहारा वाळवंट पवनचक्क्यांनी भरून पाहिलं. तिथे पाऊस कमी न होता वाढला. अर्थात तो सगळ्या वाळवंटाचा कागदावरचा प्रयोग आहे, आपल्या माळावरच्या वीस-पंचवीस पंख्यांना तो लावून कुणी "पंखे पाऊस आणतात" असं म्हणू लागलं तर तेही खोटंच.

ढगात बदल घडवणं किती अवघड आहे हे सोलापूरने स्वतः पाहिलंय. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात विमानाने ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले. योग्य ढग निवडून, रडारवर नजर ठेवून केलेल्या त्या प्रयोगात शंभर चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात पावसात सरासरी अठरा टक्क्यांच्या आसपास वाढ दिसली. मुद्दाम विमान ढगाखाली नेऊन, नेमके कण नेमक्या ढगात सोडून एवढं. जमिनीलगत फिरणाऱ्या पात्याचा त्या ढगाशी संबंधच येत नाही.

आता दुसरा प्रश्न, वारा आहे का.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. सगळं शास्त्र आणि सगळा व्यवहार या एका वाक्याभोवती फिरतो. सेकंदाला तीन मीटर वाऱ्यात पातं जेमतेम हलतं, सहा मीटरला वीज कामाची होते, दहा-बारा मीटरला यंत्र पूर्ण क्षमतेने चालतं आणि वीस-पंचवीसच्या पुढे ते स्वतःला बंद करून घेतं. त्यामुळे नुसती सरासरी फसवी असते. एका जागी कायम सहाचा वारा आणि दुसऱ्या जागी निम्मा वेळ तीन, निम्मा वेळ नऊ, दोन्हीकडे सरासरी सहाच. पण दुसरीकडे पावणेदोन पट शक्ती आहे. आपला पावसाळ्यातला सोसाट्याचा वारा इथे कामाला येतो.

दुसरी गोष्ट उंची. झाडं, घरं, बांध, ज्वारीची उभी धाटं वाऱ्याला अडवतात. मोकळ्या माळावर दहा मीटरवरून शंभर मीटरवर गेलं की वेग साधारण चाळीस टक्क्यांनी वाढतो, म्हणजे शक्ती अडीच पटीहून जास्त. पावसाळ्यात रात्री खाली अंगणात पान हलत नाही आणि शंभर मीटरवर वारा दुपारपेक्षा जोरात असतो, हे मास्टच्या, म्हणजे वारा मोजायच्या उंच खांबाच्या, नोंदीत मी कितीतरी वेळा पाहिलंय. म्हणूनच पूर्वी ज्या माळांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, तिथे आता उंच मनोरे परवडू लागलेत. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्राची क्षमता शंभर मीटर उंचीवर सुमारे ४५ हजार मेगावॉट, तर १२० मीटरवर सुमारे ९८ हजार. वीस मीटरच्या फरकाने आकडा दुपटीच्या वर गेला. राज्यात आज उभे आहेत ते पाच हजार मेगावॉटच्या थोडे वर.

एक उणी बाजूही सांगतो. आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पाचशे मीटर उंच आहोत आणि उन्हाळा कडक. तापलेली विरळ हवा हलकी असते, त्यामुळे किनाऱ्यावरच्या थंड हवेच्या तुलनेत त्याच वेगाला दहा टक्क्यांच्या आसपास वीज कमी मिळते. कंपनीने दाखवलेल्या अंदाजात हे धरलंय का, हा रास्त प्रश्न आहे. वर्षभराची मास्टची मोजणी झालीये का, हाही.

घराच्या गच्चीवर छोटी पवनचक्की लावू का, असंही याच्या जोडीला बरेच जण विचारतात. लावू नका. अडीच मीटर व्यासाच्या यंत्राला गच्चीवरच्या तीन मीटरच्या वाऱ्यात वीस-पंचवीस वॉट मिळतील, एका बल्बापुरते. तेवढ्या पैशांत सौर पॅनल घ्या.

वीज कुठे जाते याचाही गावात राग असतो: पंखे आमच्या माळावर आणि भारनियमनही आमच्याच नशिबी. पवनचक्कीत ६९० व्होल्टला वीज तयार होते, बुडाशीच ३३ हजारांवर चढते, उपकेंद्रात आणखी चढवून मोठ्या वाहिनीत जाते. तिथून ती जाळ्यात मिसळली की कुठल्या गावाची उरत नाही. सोलापूरला या जाळ्यात फार मोठं स्थान आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारत उरलेल्या देशाच्या विद्युत जाळ्याला जोडला गेला. तुमच्या वाडीवरचा डीपी मात्र वेगळ्या फीडरवर असतो, त्याची दुरुस्ती पवनचक्की आल्याने होत नाही. कुणी तसं आश्वासन देत असेल तर लेखी घ्या.

मी या विजेच्या बाजूने ठामपणे बोलतो, त्याचं एक कारण इथलं पाणी आहे. कोळशाच्या विजेला थंड करायला पाणी लागतं. सरकारच्या निकषानुसार युनिटमागे तीन-साडेतीन लिटर. एनटीपीसीचा सोलापूरचा १,३२० मेगावॉटचा प्रकल्प उजनीचं पाणी घेतो. एका पवनचक्कीची पन्नास लाख युनिट कोळशाच्या ऐवजी वापरली गेली, तर वर्षाला दीड कोटी लिटर पाणी वाचतं. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची यादी निघते, तिथे हे लहान नाही. पावसाळ्यात ढगांमुळे सौर वीज घटते तेव्हाच वारा वाढतो, रात्रीही चालतो, ही जोडी आपल्याला निसर्गाने दिलीये.

आता जमीन. पवनचक्कीमुळे तुमच्या पाण्याचं नुकसान होऊ शकतं, पण ते आभाळातल्या पाण्याचं नव्हे, जमिनीवरच्या. साठ-सत्तर मीटरचं एक पातं आणायला रुंद, भक्कम रस्ता लागतो. तो मुरूम टाकून उंच केला जातो. वाटेत ओढा, नालाबांध, समतल चर आले आणि तिथे पुरेशा नळ्या टाकल्या नाहीत, तर एका बाजूला पाणी तुंबतं आणि खालच्या विहिरींकडे जाणारं पाणी अडतं. पावसाळ्याआधी घाईने केलेल्या अशा रस्त्याने शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं जपलेले बांध फुटलेले मी पाहिलेत. ग्रामसभेची ताकद ढगांवर खर्च करण्याऐवजी इथे लावा.

घरांपासून अंतर पाहा. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत आवाजासाठी वस्तीपासून पाचशे मीटर अंतर सांगितलंय. तेवढ्यावर आवाज चाळीसच्या आसपास डेसिबलवर येतो, पण रात्री शांत गावात तो ऐकू येतोच. वाडीवस्तीवरचं एकटं घरही यात मोजलं जावं. उत्तर सोलापुरात नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. माळढोक वजनदार पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे पात्यांपेक्षाही विजेच्या तारांवर आदळून तो जास्त मरतो. तुमच्या माळावर काळवीट, लांडगे, माळावरचे पक्षी असतील तर वाहिनी कुठून जाणार हे आधी विचारा, जमिनीखालून नेण्याचा आग्रह धरा.

व्यवहारात माझं मत स्पष्ट आहे: विकण्यापेक्षा भाडेपट्टा बरा, ठरावीक वर्षांनी वाढणाऱ्या भाड्याचा. यंत्राचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं, जमीन तुमच्या नातवंडांची. दस्त थेट कंपनीच्या नावे हवा. मधल्या दलालाला कुलमुखत्यारपत्र लिहून देऊ नका. सातबारा सामाईक असेल तर आधी भावकीत वाटणी करून घ्या, नाहीतर एकाच्या सहीवरून पुढे दहा वर्षं कोर्ट. मनोऱ्याची जागा, रस्त्याची जागा, तारांखालची जागा आणि क्रेन उभी करताना होणारी पिकाची नासाडी, या चार गोष्टींचे पैसे चार वेगळ्या ओळींत लिहिलेले असावेत. डाळिंबाची झाडं जात असतील तर त्यांचं मूल्यांकन कृषी विभागाच्या पंचनाम्याने व्हावं. आयुष्य संपल्यावर यंत्र आणि वरचं काँक्रीट कोण काढणार, आणि त्यासाठी रक्कम आधीच बाजूला ठेवणार का, हे कलम बहुतेक मसुद्यांत नसतं. ते घालायला लावा.

पुढच्या ग्रामसभेला दोन कागद मागवा. एक, महावेधच्या (राज्याच्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या जाळ्याच्या) तुमच्या मंडळातल्या केंद्राची आणि जतकडच्या मंडळांची पावसाची महिनावार नोंद, म्हणजे पाहुण्यांच्या बोलण्याची आकड्यांशी गाठ घालता येईल. दुसरा, कंपनीचा रस्त्यांचा आखणी नकाशा. त्यावर गावातले ओढे, नालाबांध आणि विहिरी दाखवलेल्या नसतील, तर त्या गावानेच पेनाने काढून नकाशा परत पाठवा आणि प्रत्येक ओढ्यावर नळीचा व्यास लिहून येईपर्यंत कुणीही सही करू नका.